पुलावर काठी टेकवू नये

"तुम्हीही चालतच का? कुठून निघालात?" इसामुनं विचारलं, आणि तोकिकोला आधी वाटलं, नवरा चेष्टा करतोय. चेष्टेखोर होताच तो. हॉटेलच्या नाश्त्याच्या दालनात ती गुडघा सांभाळत, एकेका खुर्चीच्या पाठीला हात लावत त्याच्या टेबलापाशी पोचली होती, हातातला ट्रे न सांडता ठेवला होता, आणि आता कुठं टेकणार तोच हे. इसामु खुर्चीतून अर्धवट उठला होता. मान किंचित लववली होती. आवाज अगदी तोच, जो तो वाटेत भेटणाऱ्या अनोळखी यात्रेकरूंसाठी काढायचा, आधी घसा खाकरून. "पुरे हो आता, सूप गार होतंय," ती हसत म्हणाली. त्यावर तोही हसला, पण परक्या माणसाचा विनोद कळला नाही की आपण भिडेखातर हसतो ना, तसा.  मग वाढणारी मुलगी किटली घेऊन आली, दोघांच्या कपात चहा ओतून गेली, आणि इसामु म्हणाला, "अगं, जपून. चटका बसेल." झालं. सगळं पुन्हा जागच्या जागी. बाजूच्या टेबलावर कुणीतरी भाजलेला मासा सोलत होतं, खिडकीबाहेर शिकोकू बेटावरच्या कोची शहराची ट्राम खडखडत वळण घेत होती, रविवार होता, विश्रांतीचा दिवस होता.

तिनं भाताचा घास तोंडात घातला. तो काही केल्या उतरेना. 'तुम्ही' म्हणाला. चाळीसहून जास्त वर्षांत हा माणूस तिला तुम्ही म्हणालेला नव्हता. शेवटचं म्हणाला होता तो पाहण्याच्या कार्यक्रमात, तोत्तोरीतल्या त्या खानावळीत, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी मुद्दाम उठून बाहेर बाग बघायला गेली तेव्हा. समोर खेकड्याची एवढी मोठी परात, आणि हा कान लाल करून विचारतोय, "तुम्ही खेकडा खाता का?" ती हो म्हणाली आणि त्यानं एक शब्द न बोलता सगळ्या नांग्या फोडून तिच्या पुढ्यात ठेवल्या. लग्न ठरल्यावर त्या तुम्हीचं अगं झालं, आणि मग अगंच राहिलं. रागात अगं, तापात अगं, नाओतोच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या बंद दारापलीकडून मोठ्यानं अगं. ते जुनं तुम्ही आज टेबलापलीकडून परत आलं होतं, आणि तिला त्याची चक्क भीती वाटत होती. कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं. जसं काही आपणच काहीतरी चोरलं आहे.

नाओतोला कळलं तर संपलंच. मुलगा वाईट नाही, उलट जरा जास्तच चांगला आहे. डॉक्टरांनी वडिलांच्या डोक्याचे ते काळे फोटो उजेडाला धरून दाखवले त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्यानं नागोयात घराजवळ म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक जागा बघून ठेवली होती. बाग आहे, स्वच्छ आहे, दर रविवारी मी येईन, तूसुद्धा आता किती करणार आई? इसामुनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आधी अठ्ठ्याऐंशी देवळं. चालत. मग तू म्हणशील तिथं बसतो." निवृत्त झाल्यापासून ही शिकोकूची परिक्रमा त्याच्या मनात होती, दर वसंतात काहीतरी आडवं यायचं. नाओतोनं मग अटी घातल्या. ठरावीक दिवसांनी एक पूर्ण दिवस मुक्काम. रोज दुपारी फोन. आणि बाबांचं काही वेगळं वाटलं, जराही, तर तिथूनच परत. तोकिकोनं स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरून विश्रांतीच्या जागी लाल ठिपके दिले. कुठं लिफ्ट आहे, कुठं दवाखाना जवळ आहे, कुठल्या घाटाच्या उतरणीनंतर अंथरुणाची गरज पडेल. किती हौसेनं केलं होतं तिनं ते! दिवाळखोर माणसानं घराचा नकाशा काढावा तसं, हे तिला आता वाटत होतं, तेव्हा नव्हतं वाटलं.

कारण घाट उतरताना गेला तो तिचा गुडघा. दोन डोंगरांवरच्या देवळांच्या मधल्या उतारावर, ओल्या पानांवरून पाय जरासा सरकला, आणि आत काहीतरी खणासारखं खाचेतून सुटलं. तेव्हापासून उतार आला की ती मागं राहायची. फुलं बघते म्हणायची. वाकून रानटी व्हायलेट बघत असल्यासारखी उभी राहायची आणि दोन्ही हातांनी मांडी दाबून धरायची. इसामु पुढच्या वळणावर थांबलेला असायचा, काठीला टेकून. काही बोलायचा नाही. आणि मग पहिला लाल ठिपका आला, समुद्रकाठची ती खोल्या देणारी म्हातारी, दिवसभर लाटांचा आवाज, दिवसभर गादी. गुडघ्याला तो दिवस अमृतासारखा लागला. पण इसामु! सकाळी उशिरापर्यंत झोपला, उठला तो दुसराच कुणीतरी. एक टॉवेल घेऊन त्याची घडी घातली, मोडली, घातली, मोडली. दुपारी म्हणाला, माझी पाळी किती वाजता आहे? त्याची सगळी नोकरी शहराच्या पाणीखात्यात झाली. रात्री सामसूम झाली की रस्त्यावर लोखंडी सळई टेकायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठं गळतोय ते ऐकायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी त्यानं म्हातारीच्या अंगणात काठी टेकली, कान लावला आणि म्हणाला, "इथं फुटलंय. ऑफिसात कळवलं पाहिजे."  पण दुसऱ्या दिवशी अंगात पांढरा अंगरखा चढला, हातात काठी आली, आणि काय सांगावं, माणूस पुन्हा सापडला. वेशीशी नमस्कार, हात धुणं, घंटा, मेणबत्ती, उदबत्ती, सूत्रपठण, नावाची चिठ्ठी पेटीत टाकणं, शिक्का. एक पायरी चुकली नाही. उलट तीच उदबत्ती विसरली तेव्हा तिला दटावलं, "अगं, लक्ष कुठंय तुझं?"

तेव्हा तिला कळलं ते असं, की ह्याला रस्ता हवा आणि तिला गादी. चाललं की हा जागेवर राहतो आणि तिचा गुडघा जातो. थांबलं की गुडघा राहतो आणि हा जातो. एकाच दिवशी दोघांचं भागेल असा ठिपका नकाशावर नव्हता. मग तिनं पुढचा ठिपका गिळला. त्या दिवशी दोघं चालत राहिली आणि दुपारी फोनवर तिनं नाओतोला बेधडक सांगितलं, हो रे, आराम करतोय, बाबा झोपलेत. बाबा तेव्हा तिच्या पुढं, समुद्राच्या बाजूनं, काठीवरची घंटी वाजवत खुशीत चालले होते. खोटं बोलल्याचं वाईट वाटण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती, गुडघा इतका ठणकत होता. काल कोचीत शिरताना तर एकेका सिग्नलला ती मनाशी म्हणत होती, हा एक ओलांडते, मग बसते रस्त्यातच, हॉर्न वाजवू देत. आणि तेवढ्यात इसामुच म्हणाला, "दमलो बुवा मी आज. उद्या इथंच थांबू या का?" काय वाटलं तिला! आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद. तो दमला म्हणून ती खूश झाली, आणि उद्या थांबल्यावर त्याच्या डोक्यात काय होणार हे ठाऊक असूनही ती लगेच म्हणाली, "थांबू या की."

खोलीत परतल्यावर इसामु खिडकीशी बसला आणि ट्रामगाड्या बघू लागला. दोघांच्या काठ्या कोपऱ्यात, मानाच्या जागी उभ्या होत्या. काठी म्हणजे साक्षात दाइशी, ज्या साधूच्या पावलांमागं ही सगळी परिक्रमा. म्हणून मुक्कामाला पोचलं की आधी काठीचे पाय धुवायचे, मग आपले. ते काम इसामुचं. काल रात्रीही दोन्ही काठ्यांची टोकं त्यानं न्हाणीत नीट धुऊन पुसली होती. "मी आपले अंगरखे धुऊन आणते," तोकिको म्हणाली, "कुठं जाऊ नका हं." "मी कुठं जातोय?" तो म्हणाला. "सुट्टी आहे ना आज?" एवढं चोख उत्तर ऐकून तिला धीर आला. यंत्रांची धुण्याची जागा मागच्याच गल्लीत होती. काचेआड दोघांचे अंगरखे एकमेकांत गुंतून फिरत होते, पाठीवरची काळी अक्षरं कधी सुलटी, कधी उलटी. तिनं समोरच्या बाकावर पाय लांब केला. गुडघ्याच्या आतली ठणक हळूहळू उतरली, उन्हाची तिरीप पोटरीवर आली, साबणाचा वास, यंत्राची घरघर. किती दिवसांनी कुणाची राखण न करता बसली होती ती. डोळे मिटले. फक्त मिटले, असं ती नंतर स्वतःलाच सांगत राहिली.

यंत्राच्या टूंटूंनं जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप बाक सोडून भिंतीवर गेली होती. तिनं गरम अंगरखे तसेच पिशवीत कोंबले आणि निघाली. खोलीचं दार नुसतं लोटलेलं. खिडकीशी खुर्ची रिकामी. कोपरा रिकामा. त्याची काठी नव्हती आणि तिचीही नव्हती. दोन्ही घेऊन गेला होता! ह्या दोन काठ्यांचा अर्थ काय लावायचा हे तिला कळेना. एकटा निघाला असता तर एकच नेली असती. म्हणजे त्याच्या हिशेबी ती त्याच्याबरोबर होती. म्हणजे ह्या क्षणी तो कुठंतरी तिच्याशी बोलत चालला होता, आणि ती इथं उभी होती. गळ्यातली यात्रेची झोळी आणि हातातली पिशवी घेऊन ती परत लिफ्टकडं वळली. खाली किल्ल्या देणाऱ्या मुलानं सांगितलं, आजोबा मघाशीच गेले, छान हसून गेले, मला वाटलं तुम्ही पुढं गेलात.

रविवारचा बाजार भरला होता. किल्ल्यापर्यंतचा सगळा रस्ता तंबूंनी, माणसांनी, आल्याच्या आणि संत्र्यांच्या ढिगांनी फुलून गेला होता, रताळ्याची भजी तळल्याचा वास सुटला होता, आणि ह्या एवढ्या कल्लोळात तोकिको घंटी ऐकायला बघत होती. काठीला बांधलेली चिमुकली पितळी घंटी. गेले कितीतरी दिवस ती तिच्या पुढून वाजत होती, तेव्हा कधीकधी वैताग यायचा तिला, जरा हळू हलवा की हो, डोकं उठलंय. आता देवा, एकदा वाजू दे. पुढं डावीकडं वाजली. पांढरा अंगरखा, टोपलीसारखी गवती टोपी, गर्दीतून वाट काढत जाणारा. ती धावली. धावली म्हणजे काय, एक पाय टाकला आणि दुसरा ओढला. लोणच्याच्या बरण्यांना धक्का लागला, बाई ओरडली. "अहो! अहो, थांबा!" तो वळला. तिशीतला दाढीवाला पोरगा. "काय झालं मावशी?" म्हणाला. आणि तेव्हा तिला उमगलं की आपण मूर्खासारखे पांढरा अंगरखा शोधतोय. त्याचा अंगरखा तर आपल्याच पिशवीत आहे. त्याचाही आणि तिचाही. तो कुठल्या कपड्यांत बाहेर पडला हेच तिनं सकाळपासून नीट पाहिलं नव्हतं. निळा? निळा सदरा होता का? आणि मग त्याच्या मागोमाग दुसरं उमगलं, आणि ती बाजाराच्या मधोमध थबकली. सकाळी तिच्या अंगात हा जांभळा स्वेटर होता. तोत्तोरीहून निघाल्यापासून पिशवीच्या तळाशी पडलेला. इतके दिवस त्यानं तिला पांढऱ्यात पाहिलेलं. तो तिला नाही, त्या पांढऱ्या अंगरख्याला अगं म्हणत होता का? एवढंच उरलं होतं का तिचं त्याच्यापाशी?

फोन वाजला. दुपार झाली होती. "आई, आराम चाललाय ना?" नाओतो.

"चाललाय की."

"बाबा कुठायत?"

"न्हाणीघरात."

"एवढा गोंगाट कसला गं?"

"खिडकी उघडी आहे. खाली बाजार भरलाय."

"तुला धाप लागलीय."

"जिना चढले." लिफ्ट असलेलं हॉटेल तिनंच त्याला कौतुकानं सांगितलं होतं. 

"आई, बाबा बाहेर आले की मला त्यांच्याशी बोलायचंय. अर्ध्या तासानं करतो फोन. उचल हं."

तिनं फोन बंद केला. अर्धा तास. बाजाराच्या टोकाला रंगीत छत्रीखाली आइस्क्रीमवाली म्हातारी बसली होती. तिलाही तिनं विचारलं, आता लाजलज्जा कसली, दिसेल त्याला विचारत सुटली होती ती. म्हातारीनं तिला खालून वर न्याहाळलं. "दोन काठ्यावाला का वो? आत्ता गेला की. रस्त्याला काठी लावतंय अन् वर कान लावतंय. मी म्हनलं, काय ऐकू येतंय बाबा? तर म्हनतो, वाहतंय, काळजी नाही. लाल पुलाकडं गेलाय बघा. तुमचा कोन लागतो?" "नवरा," तोकिको म्हणाली, आणि थँक्यूसुद्धा न म्हणता पुलाकडं वळली.

तो लाल पूल म्हणजे शहराची एवढी शान, आणि प्रत्येक पाहुणा त्याला बघून म्हणतो, एवढाच? चार ढांगांत संपतो. तिनं कान दिला. घंटी नाही. अर्थात नाही. पुलावर यात्रेकरू काठी टेकवत नाही, दाइशी एकदा थंडीवाऱ्यात पुलाखाली झोपले होते, कधीही, कुठल्याही पुलाखाली ते झोपलेले असू शकतात, त्यांची झोपमोड करायची नाही. इसामु इतका काटेकोर की मोटारींच्या उड्डाणपुलावरसुद्धा काठी उचलून बगलेत धरायचा. म्हणजे ऐकू येत नाही तिथंच तो असणार. तिनं कठड्यावरून पाहिलं. पलीकडच्या बाजूला, झाडाखालच्या बाकावर, निळ्या सदऱ्यात, गुडघ्यांवर दोन काठ्या आडव्या घेऊन तो बसला होता. तिला वाटलं आता जाऊन त्याला धरावं, रडावं, एक रट्टा द्यावा. ती पूल ओलांडून समोर उभी राहिली. आणि इसामुनं मान लववली. "अरे, सकाळच्या बाई! या, बसा. पाय दुखतोय वाटतं तुमचा?"

पिशवीत अंगरखे होते. अजून कोमट होते. काढून अंगात घातला की काम झालं. पण हात पिशवीत जाईना. घातला, आणि तरीही तो तुम्हीच म्हणाला तर? ते बघायची तिची तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर दुसरंही होतं. बाकावर जागा होती, सावली होती, आणि गुडघा म्हणत होता, बाई गं, बस. ती बसली. परक्या बाईसारखी, अंतर ठेवून. "गुडघा आहे," ती म्हणाली. आजवर हे एक वाक्य ती कुणाजवळ बोललेली नव्हती.

"वाटलंच," इसामु म्हणाला. "काठी दिली असती हो तुम्हाला, पण ही एक तिची आहे. आमच्या मंडळींची. येईलच आता." त्यानं तिची काठी जरा जवळ ओढून घेतली. मग एकदम उठला. "थांबा, पण असं कोरडं नाही बसायचं." तिला वाटलं, आता हा पुन्हा जाणार. पण तो पुलाच्या कोपऱ्यावर तशीच छत्री लावून बसलेल्या दुसऱ्या आइस्क्रीमवालीकडं गेला आणि आइस्क्रीमचे दोन कोन घेऊन आला. "घ्या. चालणाऱ्याला दिलेलं आहे, नाही म्हणता येत नाही." येत नाहीच. वाटेवर कुणी काही दिलं तर नाकारायचं नसतं, आणि घेतलं की आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची असते. तोकिकोनं झोळीत हात घातला आणि आपली एक पांढरी चिठ्ठी दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली. त्यानंही रीतीनं दोन्ही हातांनी घेतली. लांब धरून वाचली.  आइस्क्रीम बोटांवर ओघळलं.

"योनेहारा तोकिको," तो म्हणाला. "तोत्तोरी." पुन्हा वाचलं. कपाळाला आठी पडली, तिच्या तोंडाकडं पाहिलं, चिठ्ठीकडं पाहिलं. आत्ता, आत्ता, असं तिला झालं. "गंमतच आहे," इसामु म्हणाला. "आमच्या हिचं नावही हेच. तसे आमच्याकडं योनेहारा पुष्कळ आहेत म्हणा." आणि चिठ्ठी खिशात जपून ठेवली. "आली की दाखवतो तिला. खूश होईल."

मग तो बोलत बसला. परक्यांशी त्याला नेहमीच जास्त बोलता यायचं. "गुडघ्याचं मनावर घ्या बाई. आमच्या हिचंही तेच झालंय. कुणाला सांगत नाही. उतारावर मागं राहते आणि म्हणते, फुलं बघते. हिला फुलांची कसली आवड! घरी कुंडीत एक झाड जगलं नाही हिच्या हातानं. थांब म्हटलं तर थांबायची नाही, माझी काळजी. म्हणून काल मीच म्हटलं, दमलो बुवा मी. म्हटल्याबरोबर कशी खुलली! मी कसला दमतोय? मला थांबणंच सोसत नाही, खरं सांगायचं तर." त्यानं कोनाचा तुकडा चावला. "चालत असलो की सगळं ठीक असतं. बसलो की डोक्यात कुठंतरी गळायला लागतं. वरून पत्ता लागत नाही. मी आयुष्यभर लोकांच्या गळत्या शोधल्या हो, ही काही सापडत नाही. आज सकाळपासूनच झिरपतंय. पण म्हटलं जाऊ दे, एक दिवस. तिचा गुडघा राहील."

तोकिकोला आधी संताप आला. खराखुरा संताप, नांग्या फोडून पुढ्यात ठेवणाऱ्या ह्या मुक्या माणसाचा, आणि फुलं बघणाऱ्या स्वतःचा. घरातल्या घरात दोघं जण एकमेकांपासून लपून एकमेकांसाठी थांबत होती, आणि हे तिला कळायला परकी बाई व्हावं लागलं. सांगायचं होतं तर तोंडावर सांगायचं! ती सांगणार होती का पण? तिनंही नसतंच सांगितलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी तिनं मान वळवली. "सकाळपासून इथंच बसलाय?" तिनं विचारलं. "छे, चालत होतो की. ती पुढं होती माझ्या," इसामु म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज हलला. "बाजारात पुढंच होती. मग दिसेना. म्हणून म्हटलं, पुलाशी बसावं. पुलाशी थांबतोच आम्ही एकमेकांसाठी." त्यानं तिची काठी घट्ट धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. इतका वेळ तो भ्यालेला होता, आणि तरी परक्या बाईला आइस्क्रीम देत होता.

"मी बघते त्यांना," तोकिको म्हणाली. "दिसल्या तर पाठवते." ती उठली. पुलापलीकडं, ट्रामच्या थांब्याच्या आडोशाला तिनं जांभळा स्वेटर काढून पिशवीत टाकला आणि अंगरखा घातला. बंद बांधताना गाठ दोनदा सुटली. फोन खिशात थरथरायला लागला, अर्धा तास झाला होता. तिनं तो तसाच थरथरू दिला. मग परत पुलावर पाय ठेवला. आता जर तो म्हणाला, सकाळच्या बाई, सापडल्या का? तर इथूनच नाओतोला हो म्हणायचं, ये आणि ने आम्हाला, असं तिनं ठरवून टाकलं. पूल चार ढांगांचा, तिला तो संपता संपेना. इसामुनं मान वर केली. तिच्याकडं पाहिलं. पाहतच राहिला.

"अगं," तो म्हणाला. "किती वेळ लावलास!"

ती बाकावर धपकन बसली. मघाशी ठेवलेलं अंतर न ठेवता बसली. त्यानं तिची काठी तिच्या हातात दिली, खिशातून चिठ्ठी काढली. "हे बघ, तुझ्या नावाची एक बाई भेटली. आपल्याच गावची. बिचारीचा गुडघा तुझ्यासारखाच..." आणि पोरासारखा जीभ चावून गप्प बसला.

"दुखतो माझा गुडघा," तोकिको म्हणाली. "फार दुखतो. मी उद्याही थांबणार आहे. आणि तुम्हाला थांबणं सोसत नाही, ते मला ठाऊक आहे. उद्या आपण सकाळी उठून, तयार होऊन, काठ्या घेऊन ह्या पुलापर्यंत यायचं, बसायचं आणि परत जायचं. कळलं?"

"कळलं," इसामु म्हणाला.

फोन पुन्हा थरथरला. ह्या वेळी तिनं उचलला आणि नाओतोला बोलू न देता सगळं सांगितलं. गुडघा, गाळलेला मुक्काम, आजची सकाळ, आताचं.  "मग परत या, आई," तो म्हणाला. आवाज रडवेला होता. "अजून नाही यायचं," ती म्हणाली. "उशीर होईल. मुक्काम जास्त करू. तुला पटत नसेल तर ये आणि बघ त्यांना चालताना. मग ठरव."  मग नाओतोनं हळूच विचारलं, "शनिवारी निघालो तर... तिथं पायात काय घालतात गं?"

तिनं सांगितलं. फोन ठेवला. इसामु तिच्या चिठ्ठीची बारीक घडी करून पाकिटात घालत होता. ट्राम गेली, गर्दी रस्ता ओलांडून त्यांच्या बाकाच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली. अंगरख्याला अजून उन्हासारखी ऊब होती, आणि उकडायला लागलं म्हणून ती त्याचे बंद सोडू लागली, तसा त्यानं तिचा हात धरला.

"ते काढू नकोस," तो म्हणाला. "गर्दीत सापडत नाहीस मग मला."